कॅप्टन ब्रॅनिगनचं अपयश

—नाही, तू बस. बस गं, खुर्ची मोडत नाही. माझं वाचून झालंय. दोनदा झालंय, दुसऱ्यांदा तर चष्मा पुसून वाचलं. म्हटलं, पहिल्यांदा काहीतरी नजरेतून सुटलं असेल, शेवटाकडे कुठेतरी वळण असेल, एखादी ओळ असेल जिथून माणूस जरा वर येतो. नाहीये. शेवटपर्यंत खालीच. कॅप्टन ब्रॅनिगन, आठ वर्षं तू सैन्यात काढलीस, लोखंडी तराफे जोडून नद्यांवर पूल टाकलेस, रणगाडे पलीकडे नेलेस — आणि बिझनेस स्कूलनं प्रवेशाच्या अर्जात एक साधा प्रश्न विचारला, 'तुमच्या एखाद्या अपयशाबद्दल लिहा', तर तू त्यांच्या दारात प्रेत नेऊन ठेवलंस. पायपुसण्यावर. आता त्यांनी काय करायचं त्याचं? आत बोलवायचं? कॉफी विचारायची?

थांब, हे मांस बघू दे जरा. पहाटेपासून धुरावर ठेवलंय, डुकराचा खांदा आहे, याच्याशी घाई केली की चामडं होतं. बघ, असं झाकण उघडलं की सगळी ऊब जाते, म्हणून उघडायचं नाही, पण मी उघडतो. बायको म्हणते तुला धीर नाही. धीर नाही कसा — तुम्हा लोकांचे निबंध वाचायला जेवढा धीर लागतो तेवढा इथे क्लार्क्सव्हिलमध्ये कोणाकडे असेल तर दाखव. घे, थंड चहा घे. साखर आहे त्यात. नको असेल तर नको.

तू काय केलंस ते मला कळतं. न कळायला मी काय बाहेरचा आहे? मेजर म्हणून बाहेर पडलोय मी. हा निबंध नाही, ही झाडाझडती आहे. सराव संपला की सगळ्यांनी गवतात गोल करून बसायचं, हेल्मेट काढून मांडीवर घ्यायचं, हुद्दे बाजूला, आणि जो तो आपलं आपलं सांगतो — काय ठरलं होतं, काय झालं, कुणाचं कुठे चुकलं. शिपाई कर्नलला सांगतो, साहेब तुम्ही चुकलात, आणि कर्नल मान हलवतो. मान हलवतो आणि नाव लक्षात ठेवतो, ते सोड. तिथे ते ठीक आहे. पण साऱ्या जगात ही सवय फक्त आपल्याच लोकांना आहे, आणि तुम्ही ती घेऊन सरळ बाजारात येता. माझ्याकडे अर्जाचे निबंध सुधारून घ्यायला बँकेतली पोरंही येतात अधूनमधून, चकचकीत बूट घालून. त्यांना अपयश विचार. म्हणतात, मी फार मन लावून काम करतो, त्यात तब्येतीकडे दुर्लक्ष होतं. हे त्यांचं अपयश. त्यांना शिकवावं लागत नाही, आईच्या पोटातून शिकून येतात. आणि तुम्ही? तुम्हाला कोणी अपयश म्हटलं की तुम्ही हेल्मेट काढलंच.

मागे एक हेलिकॉप्टरवाला होता, एस्कोबेडो. चांगला पोरगा, दात जरा पुढे. त्यानं काय लिहून आणलं? बायको सोडून कशी गेली. आणि वर तिची बाजूसुद्धा लिहिली — तिची बाजू, मुद्देसूद, अगदी तिच्या ठिकाणी स्वतःला कल्पून. मी म्हटलं, बाबा रे, त्यांना विद्यार्थी हवाय, तुझ्या बायकोचा वकील नको. फाडलं ते. मग आम्ही दोघांनी बसून त्याला अपयश शोधून दिलं. सापडलं. त्याच्या तुकडीच्या नाताळच्या जेवणाला पाव कमी पडले होते. बस, पाव. त्यातून तो नियोजन शिकला, लोकांचं ऐकायला शिकला, पुढच्या वर्षी पाव उरले. आता न्यूयॉर्कला आहे, मला नाताळात वाइनची पेटी पाठवतो. अपयश असं असतं, ब्रॅनिगन. पायात मोडलेला काटा. काढला, चालायला लागला. अख्खा पाय कापून घेऊन यायचं नसतं.

तुझं वाचून दाखवू का तुलाच? दुसऱ्याच्या आवाजात ऐकलं की कळतं. ऐक. 'प्रवाहाचा वेग मी आदल्या संध्याकाळी मोजला होता. सकाळी मोजला नाही. रात्रीतून वरच्या धरणातलं पाणी सोडलं होतं, आणि ते मला माहीत असायला हवं होतं.' असायला हवं होतं. वा. पुढे. 'मी बटालियन कमांडरना सांगितलं, मोजायला अर्धा तास द्या. ते म्हणाले, जनरलसाहेबांचं हेलिकॉप्टर उतरतंय, पूल मला जोडलेला दिसायला हवा. मी हो सर म्हणाले. माझं अपयश त्या दोन शब्दांत आहे.' हे चांगलं आहे बरं का, हे वाक्य. वाक्य म्हणून चांगलं. लिहिता येतं तुला, त्याचंच वाईट वाटतं. आणि मग हे — 'शिपाई डॅरिल प्रुइट तराफा ढकलणाऱ्या बोटीच्या नाकावर उभा होता. प्रवाहात तराफा फिरला आणि बोटीला पाण्याखाली घेऊन गेला. निघण्यापूर्वी त्याच्या लाइफ जॅकेटचे पट्टे मी स्वतः ओढून पाहिले होते. ते बांधलेले होते.'

हे कशाला?

नाही, मी विचारतोय. ते बांधलेले होते — हे कशाला? कोणी विचारलं होतं पट्ट्यांचं? गोष्ट तुझी चालली आहे, तुझी मोजणी, तुझं हो सर, ठीक आहे, आणि मध्येच हे पट्टे. वाचणाऱ्याला वाटणार, यात काहीतरी आहे. इथे काहीतरी पुरलंय. आणि पुरलेलं नाहीये काही, चौकशी झाली आहे, तीन अधिकारी बसले होते, त्यांनी लिहिलंय — पट्टा सैल होता, शिपायाचा निष्काळजीपणा. शिक्का मारला, फाइल बंद केली, शवपेटीवरचा झेंडा घडी करून आईच्या हातात दिला. दीड वर्ष झालं. आता तू शाळेच्या दारात उभं राहून म्हणतेस ते बांधलेले होते. मी काय करतो, पेन दे, मी हे वाक्य उडवतो. उडवलं. बघ, काही बिघडलं? नदी तशीच वाहतेय.

हसू नकोस अशी. बरं, हसत नव्हतीस.

हे बघ, मी तुझा शत्रू नाही. तुला त्या शाळेत पोचवायचं आहे मला. आज पाच वाजता त्यांचं दार बंद होतंय, ते बॉस्टनचे पाच, म्हणजे इथले चार, आपल्याकडे वेळ आहे. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा मला ती पॉपकॉर्नची गोष्ट सांगितली होतीस. हो गं, कुटुंबांच्या मेळाव्याला तू भाड्यानं पॉपकॉर्नचं यंत्र आणलंस, कोणाला विचारलं नाहीस, वायर जळली, अख्ख्या मैदानाचे दिवे गेले आणि शिपायांच्या बायका मेणबत्त्या लावून बसल्या. किती हसलो होतो आपण. तुझे डोळे ओले झाले होते हसून. ती गोष्ट. तेच तुझं अपयश. 'मला वाटलं, नेत्यानं सगळं स्वतः करायचं असतं. त्या अंधारात मला कळलं की आधी विचारायचं असतं.' बघ, मी बोलता बोलता लिहिलं. विचारायचं असतं — म्हणजे तुला विचारायला शिकल्याचं समाधान, आणि प्रुइट कुठेच नाही. त्याला त्याच्या जागी झोपू दे.

काय? चालणार नाही म्हणजे? कोणाला चालणार नाही?

तुला.

अच्छा. तुला चालणार नाही. बरं. मग हेही ऐकून घे, मला वाटलं होतं हे सांगावं लागणार नाही. तुझ्या साहेबाची, कर्नल थॉर्नबर्गची शिफारस अजून गेलेली नाही. माहीत आहे ना? तू सकाळी पाहिलं असशील, शाळेच्या त्या अर्जाच्या पडद्यावर शिफारस देणाऱ्यांतलं एक नाव हिरवं झालंय आणि एक तसंच आहे. तसंच आहे ते त्याचं. लिहून तयार आहे, सुंदर लिहिली आहे, वाचशील तर लाजशील. फक्त बटण दाबायचं राहिलंय. आणि शिफारशीवाचून ते अर्ज उघडतसुद्धा नाहीत. म्हणजे काय, तो थांबलाय. माझ्या फोनसाठी थांबलाय — म्हणजे, तो कामाचा माणूस आहे, मी आठवण करून द्यायची असं आमचं ठरलंय. एवढंच.

नाही, तो असं काही विचारत नाही. एकदा विचारलं. मागच्या आठवड्यात. म्हणाला, वेन्डेल, ब्रॅनिगन कशावर लिहितेय? साधं विचारलं. आपली माणसं काय करतायत हे माणूस विचारतोच. त्यानंच तर तुला माझ्याकडे पाठवलं, नाहीतर तुला माझं नाव कुठून कळणार होतं. स्वतः फोन करून मला सांगितलं, माझी सगळ्यात चांगली कॅप्टन आहे, तिचं तू बघ, दुसऱ्या कोणाकडे जाऊ देऊ नकोस. असं कोण करतं? माझ्या वेळी माझ्या कर्नलनं माझ्या अर्जावर दोन ओळी लिहिल्या, त्यातली एक तारीख होती. मला नाही घेतलं त्यांनी. नाही घेतलं, आणि आता मी त्यांना माणसं पुरवतो. चाललंच आहे.

हां. हो. त्याचं मीच केलं. थॉर्नबर्गचं मीच केलं, त्यात लपवण्यासारखं काय आहे, निवृत्त झाल्यावर त्यानं त्याच शाळेच्या मोठ्या माणसांच्या वर्गासाठी अर्ज केला, साहेबलोकांचा असतो तो, महिन्यातून एक आठवडा जायचं. आणि काय निबंध झाला होता तो. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम. निवडसमितीतली एक बाई रडली म्हणे. म्हणून तर मी तुला सांगतोय की नदी नको, एकाच शाळेत एकच नदी दोनदा कशी —

चहा देऊ अजून?

तू अशी बघत बसलीस की मला वाटतं मी गुन्हा केलाय. अगं, तुझा बटालियन कमांडर म्हणून नदीवर तो पण होता ना. नदी काय तुझ्या एकटीची आहे? त्याच्या हाताखाली माणूस गेला, त्याला काही वाटत नसेल? रात्र रात्र झोपला नाही तो, त्याच्या बायकोला विचार. त्यानं त्याच्या परीनं लिहिलं. मी त्याला आकार दिला. माझं कामच ते आहे. तुला काय ऐकायचंय, नेमकं काय लिहिलंय ते? कशाला? तुझं नाव नाही त्यात. शपथ. कुठेही नाव नाही. एक तरुण अधिकारी, एवढंच आहे. एका तरुण अधिकाऱ्याच्या हातून मोजणी राहिली, एका शिपायानं पट्टा सैल ठेवला, आणि या माणसानं दोघांनाही दोष दिला नाही. सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. जनरलसमोर उभा राहून म्हणाला, माझी माणसं, माझी जबाबदारी. हे त्याचं अपयश. म्हणजे बघ, किती सुरेख — अपयश आहे आणि त्यात त्याची एकही चूक नाही. असं जमायला हात लागतो.

अर्धा तास? अर्ध्या तासाचं कशाला येईल त्यात? तू मागितलास, त्यानं दिला नाही, हे तू म्हणतेस. तो म्हणतो, तू विचारलंच नाहीस. गवतात बसून तू सांगितलंस सगळ्यांसमोर, मान्य, पण झाडाझडतीचं कोणी लिहून ठेवत नाही, तोच तर तिचा नियम आहे, म्हणून तर लोक खरं बोलतात. आता कळलं ना तुला मी काय म्हणतोय? त्याच्या निबंधात एक नदी, तुझ्या निबंधात दुसरी. आणि तुझ्या पाकिटात त्याची शिफारस, त्यातही तो प्रश्न असतो, 'उमेदवाराला तुम्ही कोणती चूक दाखवून दिलीत आणि तिनं ती कशी घेतली' — तर तिथे त्यानं मोजणीचं लिहिलंय, अगदी मायेनं लिहिलंय, की पोरगी चुकली पण सावरली. मी पाहिलंय ना, म्हणजे मीच — बरं, मसुदा मी केला, सही त्याची. सैन्यात कोण स्वतः लिहितं? तूही तुझ्या हाताखालच्यांच्या शिफारशी त्यांच्याकडूनच लिहून घेतल्या असशील आणि सह्या ठोकल्या असशील. मग. तिथे बसलेल्या कोणीतरी तुझं आणि त्याचं शेजारी शेजारी ठेवलं, तर दोघंही गेलात. आणि मीही. माझं नाव त्या वर्तुळात फिरतं, ब्रॅनिगन. माझ्याकडून आलेल्या पोरांची गोष्ट खरी असते असं ते समजतात. ते समजतात म्हणून माझं चालतं.

म्हणून पॉपकॉर्न. सगळ्यांनाच बरं. तू आत, तो आत, मी इथे माझ्या मांसाजवळ.

बोल की काहीतरी. तुझ्यासारखी गप्प बसणारी माणसं मला आवडत नाहीत, मग मलाच बोलत राहावं लागतं. मुलाखतीला अशी बसलीस तर पाच मिनिटांत बाहेर काढतील.

बरं, मी एक सांगतो. लागेल तुला. लागू दे. तू स्वतःला फार सच्ची समजतेस. इथे आल्यापासून मी बघतोय, तू माझ्या घराकडे बघतेस, माझ्या अंगणाकडे बघतेस आणि मनात म्हणतेस, हे सगळं यानं खोट्यावर बांधलंय. मग मला सांग, त्या तीन अधिकाऱ्यांनी तुला बोलावलं, समोर पाण्याचा ग्लास ठेवला, तेव्हा तू का नाही म्हणालीस की पट्टे बांधलेले होते? त्यांनी विचारलं नाही. बरोबर. त्यांनी विचारलं, मोजणी कोणी केली, तू म्हणालीस मी; त्यांनी विचारलं, कधी केली, तू म्हणालीस संध्याकाळी; पट्ट्याचं विचारलंच नाही, आणि तू जेवढं विचारलं तेवढं सांगून सलाम ठोकून बाहेर आलीस. निकाल वाचून दाखवला तेव्हाही तू तिथेच होतीस, दुसऱ्या रांगेत. गप्प. आणि आज? आज शाळेनं विचारलं. शाळेनं विचारल्याबरोबर पाचशे शब्दांत सगळं बाहेर. का? सैन्याला सांगितलं असतंस तर नोकरी जात होती आणि शाळेला सांगितलंस तर जागा मिळते. मिळतेच, तुला ते पक्कं ठाऊक आहे, कुठेतरी तूही वाचलं असशील की प्रामाणिक माणूस त्यांना आवडतो. थॉर्नबर्गनं प्रुइटला विकलं ते दयाळूपणा म्हणून. तू विकतेयस प्रामाणिकपणा म्हणून. गिऱ्हाईक तेच. मला काय, मी दुकानदार, मला दोन्ही माल चालतात. फक्त तू त्या खुर्चीत बसून माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघू नकोस.

रडतेयस? नाही. बरं.

तुझा हा निबंध वाचणार कोण, माहीत आहे? तिथल्या कचेरीतली एखादी पोरगी, पंचविशीची, एका हातात सॅलडचा डबा. तिला प्रुइटच्या पट्ट्याशी काय करायचंय? ती वाचेल, 'बापरे' म्हणेल, काकडी खाईल. पट्ट्याशी ज्या बाईला करायचंय तिला तू लिहिलंस का कधी? एक ओळ? नाही ना. ती बसली आहे तिकडे पड्यूकाला. तिथल्या लहान मुलांच्या शाळेच्या खानावळीत पोरांना ताटं वाढते, आणि रविवारी चर्चमध्ये पोराच्या वतीनं माफी मागते. हो, माफी. पोरानं पट्टा नीट बांधला नाही आणि एवढ्या मोठ्या साहेबांना त्याचा त्रास झाला म्हणून. आमच्यासमोर म्हणाली ती. म्हणाली, साहेब, माझा डॅरिल लहानपणापासून असाच, बुटाची नाडीसुद्धा मी बांधायची. स्वयंपाकघरात बसलो होतो आम्ही, मक्याचा पाव केला होता तिनं, थॉर्नबर्गसाठी चांगल्या बश्या काढल्या होत्या. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, आई, आमचा त्याच्यावर राग नाही. काय वाक्य. मी तिथेच मनात म्हटलं, हे शेवटी. निबंधाच्या शेवटी हेच टाकायचं. टाकलं. तिथेच ती समितीतली बाई रडली.

मी कशाला गेलो होतो? गेलो होतो. त्यानं नेलं. बारीकसारीक गोष्टी लागतात ना लिहायला. भिंतीवर काय आहे, खिडकीतून काय दिसतं, पोराला खायला काय आवडायचं. नुसत्या 'मी कुटुंबाला भेटलो' यात जीव नसतो. बश्या लागतात. मी बाजूला बसून लिहून घेत होतो, तिला वाटलं मी सैन्याचाच कोणी आहे. आहेच की. होतो.

उठलीस का? बस, अजून वेळ आहे. पॉपकॉर्नचं आपण पंधरा मिनिटांत करू. तू नुसतं सांग, मी लिहितो. तू तेही सांगू नकोस, मला पाठ आहे.

तो कागद ठेव इकडे. ठेव गं, मी त्यावर खुणा केल्यात. उडवलेलं वाक्य? तुला ते पुन्हा लिहायचं तर लिही, पण कशासाठी? अर्जात ते जाणार नाही, मी तुला सांगितलं, त्या वाक्यासकट थॉर्नबर्ग बटण दाबणार नाही. अर्ज राहू दे? राहू दे म्हणजे? आठ वर्षं तू ह्याचीच वाट बघितलीस. तू मला पहिल्या दिवशी काय म्हणालीस, मला परत गणवेश घालायचा नाही, मला एकदा तरी अशा खोलीत बसायचंय जिथे कोणी माझ्या हुकमावर मरणार नाही. मी ते लिहून ठेवलं होतं, पुढच्या निबंधासाठी, चांगलं वाक्य होतं. आणि आता अर्ज राहू दे. गाडीची किल्ली कशाला काढलीस?

पड्यूका? मी म्हणालो का पड्यूका?

बरं, म्हणालो. असेल. मग काय, पड्यूका काय लहान गाव आहे? तिथे प्रुइट पन्नास असतील. पत्ता मला कशाला आठवेल. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, एवढंच मला — नाही, मी काही सांगितलेलं नाही. ब्रॅनिगन, इकडे बघ. इकडे बघ माझ्याकडे. तू त्या बाईला काय नेऊन देणार आहेस, कळतंय का तुला? दीड तास गाडी चालवत जाशील, दार वाजवशील, आणि सांगशील की तुमच्या पोराचा पट्टा बांधलेला होता. बरं, मग? तिच्याकडे निदान पोराची चूक आहे. चूक आहे म्हणून तिला कोणावर चिडायचं ते माहीत आहे, माफ कोणाला करायचं ते माहीत आहे. ती तू काढून घेतलीस तर तिच्या हातात उरतं काय? तू उरतेस. दारात उभी, हो सर म्हणणारी. आणि ती विचारेल, पोरी, मग दीड वर्ष कुठे होतीस? काय सांगशील? शाळेनं विचारलं म्हणून आठवलं?

हेच. हेच सांगणार आहेस का? असं कोणी सांगतं?

हे बघ, मी तुला धमकी देत नाही, पण सैन्याच्या चौकशीविरुद्ध बोललीस तर तुझी सैन्य सोडण्याची कागदपत्रं अडकतील, तुझ्यावरच उलटेल, कारण खोटं बोललं कोण — गप्प बसलं कोण — तू. थॉर्नबर्ग तर म्हणेल, मला आज कळतंय. तो असं म्हणू शकतो. चेहरा आहे त्याचा तसा. मी म्हणेन, मी निवृत्त माणूस, मी फक्त इंग्रजी सुधारतो. आणि तू त्या वाक्यासकट पकडली जाशील, सैन्यातही नाही आणि शाळेतही नाही. इतकं खुळं कोण असतं? निदान चार वाजेपर्यंत थांब. अर्ज पाठव, शिफारस जाऊ दे, जागा पदरात पडू दे, मग जा तुझ्या त्या बाईकडे, फुलं घेऊन जा, मी अडवणार नाही. मग का नाही चालत? त्यानं काय फरक पडतो तिला, आज की तीन महिन्यांनी? तिचा पोरगा कुठे जातोय?

बरं. जा.

जा, जा तर. दार ओढून घे, माश्या येतात. आणि गाडी मागे घेताना त्या झेंडूच्या वाफ्यावरून नको, बायकोनं कालच लावलाय. आणि ब्रॅनिगन — माझं नाव तिथे घ्यायची गरज नाही. ऐकलंस का? मी तिच्या घरात एक पाव खाल्ला, एवढाच माझा संबंध. ब्रॅनिगन.

गेली.

कुठे ठेवला फोन. हां. — सर, वेन्डेल ऑस्ट्रँडर बोलतोय. हो, होती इथे, आताच गेली. नाही, तसं नाही झालं. शिफारस राहू द्या सर, ती आता लागणार नाही. नाही, पैशाचा प्रश्न नाही. सर, तुम्ही बसलेले आहात ना? एक विचारायचं होतं. त्या पड्यूकाच्या बाईंना पट्टा सैल होता असं आपण सांगितलं, ते सांगितलं तुम्ही की मी? नाही सर, मी नाही. मला नीट आठवतंय, तुमच्याच तोंडून आलं ते, तुम्ही त्यांचा हात धरला होता. मी बाजूला बसून फक्त लिहून घेत होतो. हो, माझ्याकडे आहे लिहिलेलं, तुमच्याच शब्दांत. नाही, जाळलं नाही, कशाला जाळू. असू दे ना सर, माझ्याकडेच असू दे. सर?

सर?